हत्ताच्या वाटेवर गाणारा घोडेस्वार

दुबईहून परत येऊन मला आता चार महिने झाले. शाळेतल्या बायकांनी सोन्याच्या बाजाराबद्दल विचारलं, शेजाऱ्यांनी उंच इमारतींबद्दल. दोन्ही पाहून आले होते, दोन्हींबद्दल सांगितलं. पण त्या महिन्यात मी खरोखर काय पाहिलं असेल, तर ते अमेरिकेतले जुने काळेपांढरे सिनेमे. घोड्यावर बसून गाणी म्हणणाऱ्या माणसांचे. तेही एका वखारीमागच्या खोलीत, लहानशा टीव्हीवर. त्याबद्दल कुणी विचारलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी माझ्या दादाबद्दल सांगायला हवं. वसंत त्याचं नाव, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आमचे वडील देवळाली कॅम्पात मिलिटरीच्या स्टोअरमध्ये कारकून होते. कॅम्पात सोल्जरांसाठी पत्र्याच्या छपराचं एक थेटर होतं आणि रविवारी सकाळी तिथे इंग्रजी सिनेमा लागायचा. पुढच्या बाकांवर आसपासच्या मुलांना बसू देत. मुलींनी तिथे पाऊल टाकायचं नाही, असं आईचं म्हणणं होतं, त्यामुळे दादा जायचा आणि दुपारी येऊन मला सगळा सिनेमा सांगायचा. मी तांदूळ निवडत बसायची आणि तो ज्वारीच्या पोत्यावर दोन्हीकडे पाय सोडून स्वार व्हायचा.

गोष्ट नेहमी एकच असायची. एक खोरं, त्यात गाईंचे कळप. गावातल्या एका मिशीवाल्या श्रीमंताला ते खोरं हवं असायचं. मग दुरून एक माणूस घोड्यावरून यायचा. पांढरी टोपी, कशिद्याचा शर्ट, पाठीला गिटार. त्याचं नाव दर सिनेमात वेगळं असायचं, आम्ही त्याला नुसतं घोडेवाला म्हणायचो. घोडेवाला आधी गायचा, मग मारामारी करायचा, मग पुन्हा गायचा. गाण्याचे शब्द दादाला कळत नसत, म्हणून तो स्वतःचेच काहीतरी बनवून म्हणायचा. पण त्या गाण्यात मध्येच आवाज खालून एकदम वर उडी मारतो आणि पुन्हा खाली येतो, ती उडी मात्र त्याने हुबेहूब उचलली होती. आई आतून म्हणायची, पुरे आता.

१९८० साली दादा दुबईला गेला. नाशिकमधला त्याचा कारखाना बंद पडला होता. तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. प्रमिलावहिनी आणि त्यांचा मुलगा अजित नाशिकरोडलाच राहिले. रास अल खोरमध्ये, म्हणजे दुबईच्या गॅरेजांच्या आणि वखारींच्या भागात, एका कंपनीत तो स्टोअरकीपर झाला. बेअरिंग, वॉशर, नटबोल्ट, ट्रकचे सुटे भाग. तिथे त्याची एकोणीस वर्षं गेली.

गेल्या दोन वर्षांत त्याची पत्रं बंद झाली होती. शेवटच्या पत्रात ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. घाईत लिहिलं असेल, असं मी समजले. माझी मुलगी मीनल दुबईतच असते, पण तिच्याकडेही तो दोन वर्षांत फिरकला नव्हता. फेब्रुवारीत तिने मला व्हिजिट व्हिसावर बोलावलं तेव्हा मी वहिनीला विचारलं, दादाला परत आणू का? वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, विचारून बघा. अजित म्हणाला, बाबांची मर्जी. आणायचं असं त्या घरात कुणीच म्हटलं नाही. ते मीच माझ्या मनाशी ठरवलं आणि विमानात बसले.

करामा

मीनलचं घर करामा भागात आहे. खाली उतरलं की कढीपत्ता मिळतो, गणपतीचे फोटो मिळतात, खारी मिळते. शुक्रवारी सुट्टी असते आणि शनिवारी शाळा भरते, याची सवय व्हायला मला आठवडा लागला. नात रिया नऊ वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संवाद. तिला मराठी समजतं सगळं. तोंडातून येत नाही. जावई घरात हिंदी, मराठी, इंग्रजी यांची भेळ बोलतात आणि वर अरबी 'खलास'ची शेव भुरभुरतात.

पहिल्या दोन दिवसांत मी खाडी पाहिली. अबऱ्यात, म्हणजे तिथल्या लाकडी होडीत, बसून पलीकडे गेले. होडीत एकही बाई नव्हती. सगळे कामावरून सुटलेले पुरुष, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आपल्याकडे होडीत बसलं की उतरेपर्यंत शेजारच्याचं गाव तरी कळतं. इथे गाव विचारत नाहीत. सगळ्यांना आपलं गाव दूर आहे एवढं माहीत असतं, ते पुरतं.

तिसऱ्या दिवशी दादा आला. कंपनीचा ड्रायव्हर इब्राहिमभाई त्याला पिकअपमधून घेऊन आला होता. इब्राहिमभाई दापोलीकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. दादा बारीक झाला होता. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस, हातात माझ्यासाठी खजुराचा डबा. जिना चढताना इब्राहिमभाई त्याच्या अर्धी पायरी पुढे चालत होता आणि दादाचा डावा हात सबंध वेळ भिंतीवरून फिरत होता.

रियाने ते पाहिलं. "आजी," ती म्हणाली, "व्हाय इज ही टचिंग द वॉल?"

मी तिला गप्प केलं. पाय दुखत असतील त्यांचे, म्हणाले.

दादा खूप वेळ बसला नाही. मीनलने केलेल्या पुरणपोळीची त्याने तोंड भरून स्तुती केली आणि कटाची वाटी मात्र तशीच राहिली. मी परत यायची गोष्ट काढली, तर म्हणाला, अजून दोन वर्षं आहेत, साठ झाले की तेच घालवतील. मग एकदम म्हणाला, "कुसे, शुक्रवारी माझ्याकडे ये. घोडेवाला दाखवतो तुला."

मला आधी कळलंच नाही. मग हसू आलं. चव्वेचाळीस वर्षांनी आमच्यात तो शब्द आला होता.

रास अल खोर

शुक्रवारी सकाळी इब्राहिमभाई मला न्यायला आला. रास अल खोरला शुक्रवारी शटरं खाली असतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चाकं काढलेले ट्रक, तेलाने काळी पडलेली वाळू आणि सगळीकडे रबराचा वास. वखारीच्या मागे पत्र्याच्या छपराच्या सहा खोल्या एका ओळीत होत्या. दादाच्या खोलीत चार जण राहायचे. बाई येणार म्हणून बाकीचे तिघे आंघोळी करून, धुतलेले शर्ट घालून बाहेर फळ्यांवर बसले होते. मी आत जाईपर्यंत तिघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. इतकी अदब मला आमच्या नात्यातल्या लग्नांतही कधी मिळालेली नाही.

खोलीत चार खाटा, चार कुलूपबंद पेट्या, मधोमध टीव्ही आणि व्हिडिओ. दादाने बांगड्याचं कालवण आणि भात केला होता. सोबत बेकरीतले गरम खबूस, तिथल्या गोल रोट्या. स्वयंपाक करताना त्याचा हात मिठाच्या, तिखटाच्या, तेलाच्या डब्यावर बरोबर जात होता. मला कौतुक वाटलं. पुरुषांना एकटं राहून किती येतं, असं मनात आलं.

कॅसेटी अकरा होत्या. कंपनीत पूर्वी एक म्हातारा इंग्रज सुपरवायझर होता. त्यालाही लहानपणी याच सिनेमांचं वेड होतं. देश सोडून जाताना त्याने खोकं दादाला देऊन टाकलं. त्या इंग्रजाशी इतक्या वर्षांत आपण कामाव्यतिरिक्त बोललो ते फक्त घोड्यांविषयी, असं दादाने सांगितलं.

त्याने कॅसेट लावली. आणि खरं सांगायचं तर माझी फार निराशा झाली.

पोत्यावर बसून दादाने सांगितलेलं खोरं केवढं मोठं होतं. इथे एक टेकाड आणि चार झुडपं. पाठलागात घोडे त्याच खडकाला पुन्हा पुन्हा वळसा घालत होते. तिसऱ्यांदा तो खडक आला तेव्हा मी ओळखला. मिशीवाला कुणाला घाबरवेल असं वाटत नव्हतं. मधूनच, घोडे उधळत असताना, रस्त्यावरून एक मोटार गेली. मग घोडेवाला शेकोटीपाशी बसला आणि गायला लागला, आणि त्या ओसाड माळावर कुठूनशी सारंगीसारखी वाद्यं वाजू लागली. दादाने मला जे सांगितलं होतं त्यातलं निम्मं त्याचं स्वतःचंच होतं. पडद्यावर ते कधी नव्हतंच.

दादा मात्र खुशीत होता. गुडघ्यावर ताल धरून बसला होता. आता बघ, तो घोडा लगाम दातांनी सोडवेल. आता तो जाड्या पाण्यात पडेल. तसंच व्हायचं आणि तो आधीच हसलेला असायचा.

अर्ध्या तासाने कॅसेटमध्ये काही बिघाड झाला. आवाज येत राहिला, चित्र गेलं. पडद्यावर नुसत्या पांढऱ्या रेघा आणि मुंग्या. बटण कुठलं दाबायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी दादाकडे पाहिलं.

तो पडद्याकडे बघून हसत होता. म्हणाला, "घोड्याकडे बघ आता. मान कशी हलवतो गाण्यावर."

पडद्यावर घोडा नव्हता. काहीच नव्हतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि तो मला पुढचं सांगत राहिला. पोरीने पाठवलेला रुमाल, आकाशातले ढग, टोपी उंचावणं. पाच मिनिटं असं चाललं असेल. मग चित्र आपोआप परत आलं. मी हाताने तोंड दाबून बसले होते, तेही त्याला कळलं नाही.

जिन्यावरची भिंत, कटाची वाटी, एकमेकींवर चढलेल्या ओळी. मी बाई असून आणि शाळेत तीस वर्षं पोरांचे चेहरे वाचून मला हे एका नऊ वर्षांच्या मुलीच्या नंतर समजलं.

सिनेमा संपल्यावर मी विचारलं, किती दिसतं? त्याने व्हिडिओ चाचपून बंद केला. मग म्हणाला, उजव्या डोळ्याने उजेड आणि सावली. डाव्याने मधलं थोडं, धुक्यातून बघावं तसं. काचबिंदू. दोन वर्षांपूर्वी दुबईतल्याच सत्वा भागातल्या एका डॉक्टरने सांगितलं होतं, थेंब दिले होते, उशीर झाला होता. वखारीतला प्रत्येक खण त्याला हातांनी पाठ होता. चलनं इब्राहिमभाई वाचून दाखवायचा. खोलीतल्या तिघांना माहीत होतं. एवढ्या माणसांनी दोन वर्षं हे झाकून ठेवलं होतं आणि बाहेर फळ्यांवर बसून ते आता त्याच्या बहिणीला कळू नये म्हणून शांत होते.

मी म्हणाले, उद्याच्या उद्या घरी चल.

"घरी मी काय करू?" तो म्हणाला. "इथे मला प्रत्येक वस्तू कुठे आहे ते माहीत आहे."

मला राग आला. मी म्हणाले, या असल्या फडतूस सिनेमांसाठी राहतोस का इथे? काय आहे त्यात? तोच खडक तीनदा.

तो चिडला नाही. त्याला खडकाचं माहीत होतं. त्याने चारदा मोजला होता म्हणे. मग म्हणाला, "त्याला घर नसतं, कुसे. कुठल्याच सिनेमात नसतं. शेवटी सगळे त्याला राहा म्हणतात, तो टोपी काढतो आणि जातो. आणि कुणी त्याला वाईट म्हणत नाही. गाणं म्हणत गेला म्हणतात."

 संध्याकाळी इब्राहिमभाईने मला करामाला परत सोडलं. मीनलला मी काही सांगितलं नाही. दादाने तसं वचन घेतलं होतं.

हत्ता

हत्ताची कल्पना माझी होती, हे इथेच लिहून ठेवते. जावयांनी सांगितलं होतं की दुबईपासून दीड तासावर हत्ता म्हणून गाव आहे, तिथे डोंगर आहेत, उघडेबोडके, पिक्चरमधल्यासारखे. मी दादाला विचारलं तर तो एकोणीस वर्षांत तिकडे गेलेला नव्हता. ज्याला इतकी वर्षं खडकांची ओढ, त्याने जवळचे खडक पाहिलेच नव्हते. मी ठरवलं की थोडं दिसतंय तोवर त्याला दाखवायचे. आणि दुसरंही मनात होतं. त्या खोलीपासून लांब, मोकळ्या जागी, त्याला घरी यायला राजी करता येईल असं मला वाटलं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही तिघं पिकअपच्या पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसून निघालो. इब्राहिमभाई "यल्ला", म्हणजे चला, म्हणाला, एवढंच. रास अल खोर मागे पडलं की वाळू सुरू होते. आधी पांढरट, मग लहबाब गावाच्या आसपास एकदम विटकरी. मला वाटलं होतं वाळवंट म्हणजे मोकळं काही असेल. तसं नव्हतं. वाळूवर जिकडेतिकडे टायरचे माग आणि तारेच्या कुंपणाला अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. पिवळ्या फलकावर उंटाचं चित्र होतं आणि त्याच्याच खाली एक खरा उंट उभा होता, कंटाळलेला.

मग डोंगर आले. मी सह्याद्री बघत वाढले आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात डोंगर कितीही जळला तरी कुठेतरी करवंदाची जाळी असते, एखादं पिवळं पडलेलं गवत असतं. इथे काही नव्हतं. गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचे सुळके, एकामागे एक, आणि त्यांच्यावर आकाश कागदासारखं कोरडं.

मी दादाला सांगत होते. डावीकडे उंच, त्याच्या पायाशी दगडांची रास, मधून वाळलेली नदी. तो विचारायचा, खिंड आहे का? खिंडीच्या तोंडाशी मोठा खडक आहे का? नसला तरी मी आहे म्हणायची. लहानपणी त्याने माझ्यासाठी जे केलं तेच मी करत होते आणि ते मला नीट जमत नव्हतं.

वाळलेल्या नदीत, तिथे वादी म्हणतात, आम्ही गाडी थांबवली. कडेला एक बाभळीसारखं झाड होतं, त्याच्या सावलीत बसलो. मीनलने थालीपिठं आणि लसणीची चटणी दिली होती. इब्राहिमभाईने थर्मासमधून बिनदुधाचा गोड चहा ओतला. थंडीचे शेवटचे दिवस होते, वारा बरा होता. दादाने थालीपीठ संपवलं, हात झटकले आणि गायला लागला. तेच शब्द नसलेलं गाणं. उडीच्या जागी आवाज फाटला. अठ्ठावन्न वर्षांचा होता तो. तरी समोरच्या कड्यावरून ती फाटलेली उडी परत आली आणि तो इतका खूश झाला की उठून उभा राहिला.

मी त्याला परत यायचं विचारलं ते तेव्हा. म्हणाले, अजितला मूल होणार आहे, नातवंडाला या गोष्टी सांग. तो म्हणाला, अजितला मी एकही सांगितली नाही. तो बारा वर्षांचा होता मी आलो तेव्हा, सांगायचं वय निघून गेलं. मी म्हणाले, म्हणून काय इथे मरणार? तो म्हणाला, कुसुम, आज नको.

आणि तो चालायला लागला. समोर, आवाज आला त्या कड्याच्या दिशेने. सपाट जागा होती. मी त्याचा हात धरायला हवा होता. मी रागात होते. मी डबा बंद करत बसले, झाकण नीट बसत नव्हतं, त्याच्याशी झटत बसले. इब्राहिमभाई गाडीपाशी नमाजासाठी पाणी घेत होता. वादीच्या मधून पुराने कापलेला एक चर होता, पुरुषभर खोल. दोन रंगांचे दगड, वरचे उजळ, खालचे काळे. दिसणाऱ्याला तो लांबून दिसत होता.

ओरडण्याचा आवाज आला नाही. फक्त दगड घरंगळले.

आम्ही त्याला वर काढला तेव्हा कपाळातून रक्त येत होतं आणि उजवं मनगट भलत्या बाजूला वळलं होतं. तो सारखा एवढंच म्हणत होता, इब्राहिम, ऑफिसात सांगू नकोस.

हत्ताच्या दवाखान्यात डॉक्टर सुदानी होता, मऊ आवाजाचा. त्याने टाके घातले, हात प्लॅस्टरमध्ये घातला, आणि मग सहज म्हणून टॉर्च डोळ्यांवर धरला. एकदा, दोनदा. मला बाजूला घेऊन इंग्रजीत विचारलं, हे केव्हापासून दिसत नाही यांना? उत्तराची वाट त्याने बघितली नाही. त्याने दोन कागद लिहिले. एकावर हाताचं, एकावर डोळ्यांचं. दोन्ही कंपनीत द्या, म्हणाला. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवावा तसा हवेतच हात ठेवून गेला.

बाहेर बाकावर इब्राहिमभाई दोन्ही कागद घेऊन बसला. त्याला इंग्रजी वाचता येत होतं. वाचून त्याने दुसऱ्या कागदाची घडी घातली.

"बाय," तो म्हणाला, "हातासाठी रजेला एकच कागद लागतो. हा दुसरा नाय दिला तरी चालतंय. मी दोन वर्षं सांभाळला त्याला, अजून दोन सांभाळीन. तुमी बोला."

दादा आत होता, गोळीने झोपला होता. दवाखान्यासमोर एक माणूस पाइपने बोगनवेलीला पाणी घालत होता. मला आठवतं ते पाणी. आज मनगट मोडलं, उद्या ट्रकखाली येईल, असं मी मनाशी म्हटलं. ते खरंच होतं. पण मला तो घरी हवा होता, हेही तितकंच खरं होतं; आणि त्या क्षणी यातलं कुठलं माझ्या तोंडून बोललं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी म्हणाले, "दोन्ही द्या."

इब्राहिमभाईने मान हलवली. घडी उलगडली, मांडीवर तळहाताने सपाट केली आणि कागद एकावर एक ठेवले. परतीच्या वाटेवर त्याने मला बाय म्हणून हाक मारली नाही.

परत

कंपनीने वाईट वागवलं नाही. मॅनेजरने दादाला केबिनमध्ये बोलावून सोफ्यावर बसवलं, चहा दिला. एकोणीस वर्षांत त्या सोफ्यावर पहिल्यांदा बसलो, असं त्याने मला नंतर सांगितलं. फार मऊ आहे म्हणे, उठताना आधार लागतो. दोन आठवड्यांत व्हिसा रद्द झाला, पासपोर्ट हातात मिळाला, आमची तिकिटं एकाच विमानाची निघाली. डोळ्यांचा कागद ऑफिसात कसा गेला हे दादाने मला विचारलं नाही. इब्राहिमभाईला विचारलं असेल तर मला माहीत नाही. दवाखान्यातूनच गेला असं तो समजला असावा, किंवा तसं समजायचं त्याने ठरवलं असावं. मी सांगितलेलं नाही. हे पहिल्यांदा लिहिते आहे.

निघायच्या दिवशी खोलीतल्या तिघांनी त्याची पेटी भरली. कॅसेटींचं खोकं त्याने त्यांनाच ठेवायला सांगितलं. ते सिनेमे त्यांना आवडत नव्हते, तरी तिघंही हो म्हणाले. इब्राहिमभाईने आम्हाला विमानतळावर सोडलं. दादाला त्याने बराच वेळ धरून ठेवलं. मला म्हणाला, इन्शाल्ला, सगळं बरं होईल. माझ्याकडे न बघता म्हणाला.

विमानात दादाने खिडकीची जागा मागून घेतली. का, ते मी विचारलं नाही. तीन तास तो कपाळ काचेला लावून बसला होता.

नाशिकरोडला अजितच्या फ्लॅटमध्ये त्याची खाट हॉलमध्ये लावली आहे. वहिनी त्याचं सगळं करते. औषधं वेळेवर, जेवण वेळेवर, बाथरूमपर्यंत हात धरून. त्याला तिथे मिठाचा डबा कुठे आहे ते माहीत नाही, आणि कुणी त्याला स्वयंपाकघरात येऊही देत नाही. मी आठवड्यातून दोनदा जाते. एकदा मी घोडेवाल्याचा विषय काढला. तो म्हणाला, फडतूस सिनेमे होते ते, तू म्हणालीस तेच खरं.

सकाळी तो गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा. खालून जाणारे लोक हाक मारायचे. तो दर दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा, त्यामुळे सगळ्यांचा प्रश्न ठरलेला: काय वसंतराव, किती दिवस या वेळी? आणि तो वरून सांगायचा, नेहमीप्रमाणे चाळीस दिवस. काळा चष्मा होता, हाताचं प्लॅस्टरही पुढे निघालं, कुणाला शंका आली नाही. मी एकदा ते ऐकलं आणि वहिनीकडे पाहिलं. वहिनी भाजी चिरत राहिली. तिनेही ते रोज ऐकलं होतं.

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी वहिनीने खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवली. त्याने ती आत आणायला सांगितली.